देवळासमोरची जागा

“दाब,” गाडीखालून रणजीत म्हणाला. “अजून दाब. अजून एकदा. आता धर.” वर ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या नचिकेतने पेडल दाबून धरलं आणि रणजीतने मागच्या चाकाजवळचं निप्पल पान्याने अर्धा आटा सैल केलं. नळीतून ब्रेक ऑईल बाटलीत उतरलं, सोबत दोन-चार बुडबुडे आले. ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात, एक वर आणि एक खाली. खालच्याने धर म्हटलं की वरच्याने धरायचं आणि सोड म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, नाहीतर काढलेली हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पुण्याच्या कंपनीत खुर्ची झिजवणाऱ्या माणसाला एवढं तरी जमावं, म्हणून हे काम नचिकेतला दिलं होतं. त्याच्या तोंडाला मात्र धर म्हणणारं कुणी नव्हतं. मागे सीटच्या गाद्यांचं माप घेत बसलेल्या वैजनाथला तो रंगात येऊन सांगत होता, “वैज्या, तुला गंमत सांगतो. आमच्या देवळातली चांदीची वाटी चोरीला गेली होती, आठवतंय? नैवेद्याची? अरे, ती मीच ढापली होती! नांदेडला मामाकडे जाताना दप्तरात घालून नेली आणि तिथं देऊन मोबाईल घेतला. गाणी वाजणारा. बाबांनी काय आकाशपाताळ एक केलं! पोलीसबिलीस आले होते म्हणे. मी मामाकडे आंबे खात होतो.” आणि तो हसला. वैजनाथ हसला नाही. तो खोकला, मग कात्री खाली पडल्याचा आवाज आला, मग तो हळूच म्हणाला, “गप रे नच्या. काय बी काढून राहिला.”

रणजीतने निप्पल आवळलं. आता सोड म्हणायचं होतं. त्याने म्हटलं नाही. तो तसाच गोणपाटावर पाठ टेकून पडून राहिला आणि डोक्यावरच्या पत्र्याकडे बघत राहिला. ही व्हॅन त्यांना फुकटात पडल्यासारखी मिळाली होती. हळदीच्या एका गोदामामागे बाभळीखाली चार वर्षं उभी होती, तिच्यातून शेळ्या हाकलाव्या लागल्या होत्या. आधीच्या मालकाने तिच्यातून हळद वाहिली होती, त्यामुळे कुठलाही पत्रा ठोकला की फटीतून पिवळा भुगा गळायचा. महिनाभर तिघे तिच्यामागे लागले होते. रणजीतने इंजिन उतरवून चढवलं, वैजनाथने गाद्या शिवायला घेतल्या, नचिकेतने पॉलिश पेपर घासून घासून हाताला फोड आणले आणि त्यांचे फोटो काढले. दिवाळीनंतर निघायचं, कन्याकुमारीपर्यंत जायचं, वीस दिवस. आखाडा बाळापुरातल्या सगळ्यांना हे ठाऊक झालं होतं. गॅरेजवर पंक्चर काढायला आलेला माणूसदेखील समुद्र कधी बघणार म्हणून विचारून जायचा. आणि रणजीतला, खरं सांगायचं तर, फार वर्षांनी सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. आता तोच भुगा त्याच्या पापण्यांवर पडला आणि डोळे झोंबायला लागले. त्याने ते पुसले नाहीत. ‘म्हणे’ हा शब्द त्याच्या कानात अडकून बसला होता. पोलीस आले होते म्हणे. म्हणजे ह्याला ठाऊक होतं आणि नव्हतंही. सोळा वर्षांत ह्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की ते आले ते कुणाच्या घरी आले.

ते तांड्यावर आले होते, रणजीतच्या घरी. दोघेजण, आणि त्यांच्यामागे स्कूटरवर नचिकेतचे वडील, दत्ताच्या देवळाचे पुजारी राधाकृष्ण, धोतर सावरत. दहावीची परीक्षा नुकती संपली होती, ऊन नुसतं भाजत होतं. राधाकृष्णांनी रणजीतकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाले, “हा अभ्यासाला यायचा घरी. आणि याची आई माळवं घेऊन यायची, पार ओसरीपर्यंत.” एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात, हेच त्यातलं वाईट होतं. मग कणग्या उलट्या झाल्या, गोधड्या उसवल्या गेल्या, चुलीतली राखसुद्धा काठीने ढवळून झाली. वाटी कुठून सापडणार? तेव्हा त्यांतल्या एकाचं लक्ष रणजीतच्या आईच्या, मिराबाईच्या डोक्याकडे गेलं. तांड्यावरच्या लग्न झालेल्या बाया घुगरी-टोपली घालतात. कानशिलावरच्या केसांत चांदीची टोपली गुंफलेली आणि तिच्याखाली गालाशी लोंबणारे घुंगरांचे झुबके. नवरा जिवंत आहे तोवर ती उतरत नाही. “ही चांदी वाटी वितळवून केली न्हाई कशावरून?” तो म्हणाला. काळी पडलेली, मिराबाईच्या आजीच्या वेळची चांदी होती ती, आंधळ्यालाही कळलं असतं. पण ‘तपासायला’ न्यायचीच म्हणाले. रणजीतचा बाप मोहनसिंग काठी घेऊन पुढे झाला तेव्हा मिराबाईनेच त्याला हाताने थोपवलं. कुणालाही अंगाला हात लावू न देता ती अंगणात मधोमध बसली आणि स्वतःच्या हाताने उतरवायला लागली. केसांत घट्ट विणलेली होती, लवकर सुटेना. बराच वेळ लागला. पोलीस, राधाकृष्ण, अख्खा तांडा, सगळे उभे राहून वाट बघत होते. चांदी तीन महिन्यांनी सहीवर परत मिळाली, पण तिने ती पुन्हा घातली नाही. नवरा जिवंत असताना विधवेसारखी भुंडी कानशिलं घेऊन ती वर्षानुवर्षं वावरली. रणजीतला लहानपणापासून आई, त्याची याडी, कुठे आहे ते घुंगरांच्या आवाजावरून कळायचं. चुलीपाशी गेली, गोठ्यात गेली, उंबऱ्यात आली. त्या दिवसानंतर ती एकदम मागे येऊन उभी राहायची आणि तो दचकायचा.

“रण्या, सोडू का? पायाला गोळा आला राव,” वरून नचिकेत म्हणाला.

“धर,” रणजीत म्हणाला.

त्याने धरलं. त्याचा बूट पेडलवर थरथरताना खालच्या दांड्यावरून कळत होता. रणजीतला त्यात बरं वाटलं, आणि एवढ्याशा गोष्टीत बरं वाटतंय याची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा संताप आला. मोबाईल! तो मोबाईल त्याला आठवला. लाल काठाचा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेला. जूनमध्ये नांदेडहून परत आल्यावर नचिकेत तो घेऊन थेट त्याच्याकडेच आला होता. दोघे कालव्याच्या भिंतीवर बसायचे. वायरीचं एक टोक नचिकेतच्या कानात, दुसरं रणजीतच्या. शाळेतली पोरं तेव्हा रणजीत दिसला की खिसे चाचपायची, मोठमोठ्याने हसायची. अकरावीला नाव घालायला गेला तेव्हा ओळीतला एकजण म्हणाला, दप्तरं सांभाळा रे. तो ओळीतून बाहेर पडला तो गॅरेजवरच आला, पुन्हा शाळेकडे गेला नाही. नचिकेत तेवढा शेजारी बसायचा. अख्ख्या बाळापुरात हा एकच आपल्याला चोर समजत नाही म्हणून रणजीतचा ऊर भरून यायचा. समजेल कसा? आईच्या डोक्यावरून उतरलेल्या चांदीच्या बदल्यात आलेली गाणी आपण उजव्या कानाने ऐकत होतो, मान डोलावत होतो. त्याने बोट कानात घालून जोरात फिरवलं. बोटाला ऑईल होतं, आता कान ऑईलने भरला.

आणि मग तो विचार आला. आला म्हणजे कुठून लांबून आला नाही, तिथंच हाताशी होता, पान्याशेजारी. हे निप्पल केसभर सैल ठेवायचं, थेंब थेंब ऑईल गळत राहील. बाळापुरात काही होणार नाही, इथं रस्ते सपाट. हजार किलोमीटर खाली गेल्यावर, एखाद्या घाटात, नचिकेत हौसेने स्टिअरिंगवर बसलेला असताना पेडल एकदम जमिनीला टेकेल. रणजीतने ते सगळं नीट डोळ्यांपुढे आणलं. वळण, कठडा, नचिकेतचं तोंड. तोंडापाशी तो बराच वेळ थांबला. मागे वैजनाथही असेल हे नंतर लक्षात आलं, आणि आपणही आतच असू हे सगळ्यात शेवटी. त्याला खाली पडल्यापडल्या हसू आलं. पण खरी अडचण ती नव्हती. खरी अडचण अशी की खाली पडता पडता नचिकेतला काहीच कळलं नसतं. गंमत सांगणारा माणूस गंमत सांगतच मेला असता. इतक्या स्वस्तात रणजीतला त्याला सोडायचं नव्हतं. त्याने निप्पल पुन्हा आवळलं, जीव खाऊन आवळलं, आणि म्हणाला, “सोड.”

बाहेर येऊन त्याने हात घासलेटने धुतले, मग साबणाने, मग परत घासलेटने. नचिकेत एका पायावर उड्या मारत पोटरी चोळत होता. वैजनाथ दोघांकडे बघत नव्हता. सुई-दोऱ्याशी त्याचं एवढं काय चाललं होतं कोण जाणे. त्याला सगळं ठाऊक होतं, गावातल्या कुणाला ठाऊक नव्हतं? पण बोलणार कोण आणि कुठल्या तोंडाने? “चल,” रणजीत नचिकेतला म्हणाला, “एक चक्कर मारून येऊ. ब्रेक बघू. तांड्यापर्यंत जाऊ, याडीला गाडी दाखवू.” नचिकेत खूष झाला. मावशीच्या हातची भाकरी खाऊन किती वर्षं झाली, म्हणाला. वैजनाथ दारात आला. “रण्या,” तो म्हणाला, “उन्हाचं काहून जाता? उद्या जा.” रणजीतने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. महिनाभर ज्या आवाजाची तिघांनी वाट बघितली होती तो आवाज ऐकून एरवी त्याने आरोळी ठोकली असती.

रस्त्याने नचिकेत बोलत होता. गाडीला कोणता रंग द्यायचा, गॅसची शेगडी कुठे बसवायची, गोव्याला किती दिवस थांबायचं. रणजीत हूं म्हणत होता आणि मधूनच, काही कारण नसताना, ब्रेक मारत होता. ब्रेक चांगले लागत होते. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं उभी होती. आपल्याला नेमकं काय हवंय ते तो स्वतःला विचारत होता. याडीपुढे ह्याने ते सांगावं. जसं आत्ता सांगितलं तसंच, हसत हसत. मग त्याचं हसणं तोंडावरच फाटलेलं बघायचं. आणि याडीने काहीतरी करावं, चपलेने मारावं, रडावं, शिव्या द्याव्या, तांड्याच्या गोरबोलीतल्या सात पिढ्यांच्या शिव्या. सोळा वर्षं ती गप्प बसली होती. बापाच्या माघारी तर जास्तच. मोहनसिंग गेल्या उन्हाळ्यात गेला. तांड्यावरच्या बाया जन्मभर तिला म्हणत राहिल्या की जित्या नवऱ्याची घुगरी काढलीस, खाशील त्याला एक दिवस. शेवटी सत्तरी गाठून का होईना तो गेला आणि त्यांचं खरं झालं. रणजीतला वाटायचं, आई मोडली. त्या दिवशी अंगणात बसली ती पुन्हा उठलीच नाही. आठवड्याच्या बाजाराला जायची तेवढीच. तेही दुसरीकडे कुठे बसत नसे, दत्ताच्या देवळासमोरच, त्याच राधाकृष्णांच्या दारापुढे, भुंड्या कानशिलांनी मेथीच्या जुड्या मांडून. काय ही लाचारी, म्हणून रणजीत जळायचा. अन् नचिकेतची आई गंगूताई दर बाजारी येऊन तिच्याकडूनच भाजी घ्यायची, पिवळी पडलेली मेथीसुद्धा. बिचारी किती चांगली, असंही त्याला वाटायचं. गंगूताई गेल्या तेव्हा तो खांदा द्यायला गेला होता.

मिराबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. गाडी बघून तिने डोळ्यांवर हात धरला. नचिकेतने “मावशी!” म्हणून हाक मारली तेव्हा तिने मान हलवली, सूप बाजूला केलं, पाणी आणलं. रणजीत बसला नाही. “नच्या,” तो म्हणाला, “ते मघाचं सांग याडीला. वाटीचं. वैज्याला सांगितलंस तसंच सांग. हसत सांग.”

नचिकेतने आधी हसायलाच तोंड उघडलं. मग त्याने रणजीतकडे बघितलं, मग मिराबाईकडे, आणि कुठेतरी मध्येच त्याला कळलं. त्याच्या हातातला पेला खाली ठेवायला त्याला जागा सापडेना. रणजीतने हे तोंड मनातल्या घाटात नीट बघून ठेवलं होतं, पण प्रत्यक्षात ते वेगळंच निघालं, लहान मुलासारखं. “मावशी,” तो म्हणाला, “ती वाटी… मी घेतली होती. मला खरंच माहीत नव्हतं की तुमच्या घरी… म्हणजे ऐकलं होतं, पण…”

“म्हाईत हाय,” मिराबाई म्हणाली. तिने सूप पुन्हा पुढे ओढलं.

रणजीतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, कानात ऑईल आहे. “काय म्हाईत हाय?”

“त्येनं नेली ते. पावसाळ्यात, चांदी वापस आल्यावर, त्याची माय आल्ती इथं. एकलीच, बस धरून. तिला त्या मोबाइलवरून समजलं व्हतं. नवऱ्याला सांगायची छाती न्हाई म्हणली. रडली, पायावर पडाया लागली. घुगरी घाल म्हणली, माझ्यासमोर घाल, मला बघू दे, तकलीफ व्हती जिवाला.” मिराबाईने तुरीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. “मी म्हणलं, न्हाई घालत. तू बघ. दर बाजारी तुझ्या दारात बसंन, तू बघत जा.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. रणजीत ओट्याच्या कडेला बसला. देवळासमोरची ती जागा, मेथीच्या जुड्या, पदर मुद्दाम मागे सरकवलेलं ते डोकं, सगळं त्याच्यापुढे पुन्हा आलं आणि आता प्रत्येक गोष्टीचा अर्थ उलटा होता. ती लाचारी नव्हती. गंगूताई पिवळी मेथी घेऊन मान खाली घालून जायच्या, तो चांगुलपणा नव्हता. वर्षागणिक त्या वाळत गेल्या. लोक म्हणाले साखर आहे, बीपी आहे. त्यांच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आई पोत्यावर ताठ बसलेली असायची. पावसात, उन्हात, ताप अंगात असताना. एकही बाजार चुकवला नव्हता तिने. आणि बापाला ठाऊक होतं! बाया टोमणे मारायच्या तेव्हा मोहनसिंग बिडी ओढत हसायचा आणि म्हणायचा, मी जिता हाय का न्हाई ते मलाच इचारा की. दोघांनी मिळून चालवलं होतं हे. रणजीतचा संताप आता कुणावर जावा ते त्याला कळेना.

“मला काहून न्हाई सांगितलं?” तो ओरडला. “मी शाळा सोडली याडी! मी चोर म्हणून फिरलो गावात! मला वाटलं तू…”

“तुला सांगितलं असतं तर एका दिवसात संपवलं असतंस,” ती शांतपणे म्हणाली. “डोस्कं फोडलं असतंस याचं, अन् मग सारं गाव त्यांच्याच बाजूनं. मला संपवायचं नव्हतं.” तिने तुरीतून हात फिरवला. “तुझी शाळा गेली. ते हाय माझ्यावर. बराबर हाय तुझं.” मग तिचा हात नकळत कानशिलाकडे गेला. तिथे आता विरळ पांढरे केस होते, त्यांच्यातून कातडी दिसत होती. “याची माय गेली तव्हा तुझा बाप म्हणला, आता घाल, कुणासाठी ठिवतीस. घालाया बसले. केसात धरंना. निसटून हातात यायची. त्यानं पण करून बघितलं, त्याच्या हातानं. न्हाई बसली.” हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. रणजीतने आजवर आईला असं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याला ते ऐकायचंही नव्हतं.

नचिकेत रडत होता. आवाज न करता, नाक ओढत. तो ओट्यावरून उतरला आणि वाकला, तसे मिराबाईने दोन्ही पाय आत ओढून घेतले आणि लुगड्याखाली झाकले. “पाया पडू नगं,” ती म्हणाली. “तुझ्या मायला बी पडू दिलं न्हाई. पाया पडलं की माणूस मोकळं व्हतं.” तो तसाच वाकलेला राहिला, हात मध्येच लोंबत. मग सरळ झाला. मिराबाईने त्याच्याकडे प्रथमच नीट बघितलं, गंगूताईंचेच नाक-डोळे होते त्याचे. तिने पदर मागे सरकवला. मुद्दाम केलं नसेल, सवयच असेल. सोळा वर्षांची सवय. नचिकेतला त्या कानशिलांकडे बघावं लागलं, आणि बघितल्यावर नजर काढता येईना.

“कुठवर चालले गाडी घेऊन?” तिने विचारलं.

“कन्याकुमारी,” रणजीत म्हणाला.

“मंग जावा,” ती म्हणाली. “लांब हाय म्हणत्यात.” आणि ती पुन्हा तूर निवडायला लागली, जणू बाजारात एखादं गिऱ्हाईक येऊन गेलं.

दोघे गाडीपर्यंत आले. दाराला हात लावून नचिकेत थांबला. त्याचा चेहरा सुजला होता. “मी उद्याच पुण्याला जातो,” तो म्हणाला. “गाडी तू ठेव. वैज्या आणि तू जा. माझ्यासोबत तुला कसं… मला नाही जमणार रे, तुझ्या शेजारी बसून.” रणजीतने त्याच्याकडे बघितलं. घाट, कठडा, ते सगळं आता पोरकट वाटत होतं. आत काहीतरी थंड आणि घट्ट बसलं होतं. ते बापाचं नव्हतं, आईचं होतं, आणि त्याला ते आवडलं नाही. पण टाकताही येत नव्हतं. त्याने दार उघडून धरलं.

“बस,” तो म्हणाला. “काहून न्हाई जायचं? ठरलंय ना आपलं. पुढच्या सीटवर तूच बसायचं, माझ्या शेजारी. वैज्या मागं बसंल.”

नचिकेत बसला. रणजीतने वळसा घालून येऊन स्टिअरिंग धरलं. गाडी लगेच सुरू केली नाही. तांड्यावरची दोन-तीन पोरं टायरला लाथा मारून बघत होती, तिकडे तो बघत राहिला.

“रण्या,” नचिकेत म्हणाला, “मला माफ करशील का कधी?”

“वीस दिवस हायेत,” रणजीत म्हणाला. “रोज इचारत जा.”